लिंबाला न भिणारं भूत

लालसिंगचा भूलभुलैया मेडशीत लागला आणि पहिल्याच बाजाराच्या दिवशी इंद्रभान त्यात शिरून अकरा चिंचोके घेऊन बाहेर आला. फक्त अकरा. शेळी शिरली असती तरी तिनं पंधरा आणले असते, असं लोक म्हणाले. शेळीनं ते खाल्ले असते म्हणून मोजता आले नसते, असं कोणीतरी पुढं जोडलं.

खेळ असा होता. तूर निघाली की तुराट्या उरतात. चुलीला लागतील तेवढ्या बाया नेतात, बाकीच्यांना कोणी विचारत नाही. लालसिंग फाल्गुनात यायचा, एखादी पडीत जागा बघायचा, तुराट्यांच्या पुरुषभर उंचीच्या ताट्या बांधायचा आणि त्या उभ्या करून अर्ध्या एकरात गल्ल्याच गल्ल्या करायचा. काही गल्ल्या पुढं निघत, काही थेट भिंतीला नाक लावत. भिंतींच्या फटींत, कमरेच्या उंचीवर, चुन्यात बुडवलेले एकशेवीस चिंचोके खोचलेले असत. दहा पैसे द्यायचे, गळ्यात पिशवी अडकवायची आणि आत जाऊन वेचता येतील तितके वेचायचे. आत चार भुतं फिरत. भुतं म्हणजे लालसिंगचीच माणसं. अंगात रंगवलेलं पोतं, तोंडावर पोत्याचाच टोप, डोळ्यांपुढं दोन भोकं. भुतानं पळायचं नाही, नुसतं चालायचं. पण त्याचा हात लागला की खेळ संपला. चार कोपऱ्यांत चार लिंबं दोऱ्याला टांगलेली. लिंबू तोडलं की बाहेर लालसिंग डफड्यावर वीस ठोके मारायचा, आणि तेवढा वेळ भुतांनी माणसापासून लांब पळायचं. वीस संपले की भुतं पुन्हा भुतं.

बाहेर दोन बैलगाड्या उभ्या असत. त्यांवर चढलेल्यांना आतलं सगळं दिसे. ते आतल्याला ओरडून रस्ता सांगत आणि मुद्दाम चुकीचा सांगत.

मागच्या वर्षी, म्हणजे शहात्तर साली, लालसिंग पहिल्यांदा आला तेव्हा दोन दिवस कोणी फिरकलंच नव्हतं. तोंडं झाकलेली चार माणसं पडीत जागेत फिरतात म्हटल्यावर लोकांनी ते नसबंदीचं पथक धरलं. भुतं आहेत असं कळल्यावर सगळ्यांच्या जिवात जीव आला आणि गर्दी झाली.

इंद्रभानच्या अकरा चिंचोक्यांमागं तत्त्व होतं. दुसऱ्याच वळणावर त्याला लिंबू लागलं. तो त्याच्याकडं पाठ करून उभा राहिला.

"लिंबू तोडा ना, इंद्रभानभाऊ!" गाडीवरून लोक ओरडले.

"आमी नाई मानत लिंबू-बिंबू!" इंद्रभान खालून ओरडला. "दीक्षा घेतली तवाच सोडलं, वीस वर्षं झाली!"

एवढं सांगायला तो थांबला, तेवढ्यात लाल पोत्याचं भूत मागून आलं आणि त्यानं त्याच्या पाठीवर अदबीनं हात ठेवला. "चला दादा," भूत म्हणालं, "झालं तुमचं."

इंद्रभान बावन्न वर्षांचा होता. अकोला-वाशीम रस्त्यावर मैलकुली. खड्डे भरायचे, मोऱ्या साफ करायच्या, असं त्याचं काम. खेळण्याचं वय नव्हतं आणि गुडघेही नव्हते. तरी तो शिरला, त्याचं कारण बाहेर दारावर टांगलेलं होतं.

तेलाचा डबा ठोकून सपाट केलेली ती पाटी होती. तिच्यावर एकच नाव असे. आजवर सगळ्यांत जास्त चिंचोके ज्यानं वेचले त्याचं. कोणी त्याच्यापेक्षा जास्त वेचले की लालसिंग जुन्यावर काळा रंग फिरवून नवं नाव लिहवून घेई. या वर्षीही पाटीवर मागच्याच वर्षीचं नाव होतं. "लिलाबाई इंद्रभान, मेडशी, १०४."

लिलाबाई म्हणजे त्याची बायको. ती पावसाळ्यात चार दिवसांच्या तापात गेली. आता आठ महिने झाले होते. तिचा फोटो कधी काढला नव्हता. रेशन कार्डावर नाव होतं, त्यावर कारकुनानं लाल शाईची रेघ मारली आणि बाजूला "मयत" लिहिलं. साखर तेवढी कमी झाली. दोन एकर वावर होतं ते इंद्रभानच्या नावावर. म्हणजे ती होती असं सांगणारी एकच वस्तू उरली होती, आणि ती लालसिंगच्या दारावर खिळ्याला टांगलेली होती. इंद्रभानला सही येत होती आणि जोडाक्षरं नसतील तर वाचताही येत होतं. त्यानं ती पाटी बोटानं तीन वेळा वाचली. तुराट्या असेपर्यंत ते नाव वाशीमपर्यंत गावोगाव फिरलं होतं. कोणाला पुसता आलं नव्हतं.

ते आता माणिकराव पुसणार होता.

माणिकराव म्हणजे तीस एकरांचा धनी, वय पस्तीस, कबड्डीत नाव कमावलेला, आता थोडं पोट सुटलेला. पहिल्याच दिवशी त्यानं एक्याऐंशी काढले आणि पाटीपुढं उभा राहून लालसिंगला म्हणाला, "पंधरा दिवस हायेस ना रे तू इथं? तवरक ह्या पाटीवर माह्यं नाव नाई आलं, तं मिशी काढून तुह्या लाल भुताले लावीन."

लालसिंगला आनंद झाला. असं बोलणारा माणूस दिवसाला पाच खेळ खेळतो.

इंद्रभान घरी आला. भाकरी थापली. ती गोल होत नसे, म्हणून आठ महिन्यांपासून तो जी होईल ती खात होता. खाता खाता त्याच्या लक्षात आलं की लिलाबाईनं एकशेचार कसे वेचले हे त्याला माहीत नाही. तिनं सांगितलं होतं. पुष्कळदा सांगितलं होतं. तो तेव्हा काय करत होता, हे त्याला आठवेना.

सकाळी तो बेबीताईकडं गेला. बेबीताई आणि लिलाबाई वीस वर्षं एका पातीवर निंदण करायच्या. बेबीताई अंगणात तूर पाखडत होती.

"बेबीताई, एक सांग. लिला ते कसं खेळली होती?"

सूप थांबलं. "काहून? तुमाले नाई मालूम?"

"तिनं सांगतलं असन..."

"सांगतलं असन? भाऊ, महिनाभर सांगतलं तिनं! नळावर सांगतलं, वावरात सांगतलं, दुकानात तेल मापता मापता सांगतलं. मेडशीतल्या कुत्र्यांले पाठ हाये. तुमी एका घरात राहून काय करत होते?"

"हूं म्हनत होतो," इंद्रभान म्हणाला.

बेबीताई आधी हसली. मग तिनं सूप खाली ठेवलं. "ते तिलेबी मालूम होतं. म्हने, आमच्या घरी हूंचा कारखाना हाये. बसा."

तो बसला.

"पयलं म्हंजे, ते वेचायचं असते. तुमी मानसं एक-एक चिंचोका उपटता, दात उपटल्यावानी. तिनं पऱ्हाटीवानी वेचलं, कापूस वेचतात तसं. दोन्ही हातानं, दोन्ही बाजूनं, चालता चालता. नजर हातावर नाई, फुडच्या बोंडावर."

"हूं."

"हूं नका म्हनू. दुसरं, दारापासचे चिंचोके शेवटाले. अंगात दम हाये तवरक लांबच्या कोपऱ्यात जायचं. जवळचे काय, धापा टाकत बी वेचता येतात. तिसरं लिंबू. लिंबू दिसलं का तोडायचं नाई. त्याच्याखाली उभं राह्याचं. चारी भुतं जवळ येऊ द्याची, पार अंगाले लागतीन इतकी. मंग तोडायचं. ते पळतात चार दिशेले अन् सारं रान आपल्याले मोकळं."

इंद्रभानच्या कपाळावर आठी आली. "लिंबू घेतलं तिनं?"

"चारी घेतले. तीन वापरले, चवथं पदराखाली घरी आनलं. तुमी त्याचं शरबत पेले."

"पन आपन मानत नाई बेबीताई. लिंबानं भूत पळते म्हनजे..."

"मीबी हेच म्हनलं तिले. तं म्हने, बेबी, भूत नसते. लिंबानं भूत पळत नाई. हे मले तुह्यापेक्षा जास्त मालूम हाये. पन निळ्या पोत्यातला सेवालाल तं असते ना? अन् लिंबू पायलं का सेवालाल पळते ना?"

वीस वर्षांत लिलाबाईशी वाद घालून तो कधी जिंकला नव्हता, आणि आताही तेच झालं.

"अन् बांगड्या कोपरालोक वर सारल्या होत्या," बेबीताई सूप उचलत म्हणाली. "वाजू नाई म्हून. चपला तं दारातच काढल्या होत्या."

त्यानंतर दोन दिवस इंद्रभान खेळला नाही. काम संपलं की बैलगाडीवर चढून तो नुसता बघत बसे. खड्डा भरायच्या आधी त्यात पाणी कुठून येतं ते बघावं लागतं. इथंही तसंच होतं. बघता बघता त्याला चारही भुतं ओळखू यायला लागली. लाल पोत्यातला होता लालसिंगचा मेहुणा. तो डोकं वापरत नसे, नुसता मागं लागे. जिथं माणूस वळेल तिथं वळायचा, त्यामुळं त्याला गल्लीभर मागं ठेवून निवांत वेचता येत असे. पिवळ्या पोत्यातला जाडा होता. उत्तरेच्या कोपऱ्यात जाऊन तो टोप वर करून तंबाखू मळायचा, आणि तो मळत असला की तिकडचे चिंचोके फुकट मिळत. पांढऱ्या पोत्यात लालसिंगचा काका होता. त्याला ऐकू कमी येई. तो मनाला येईल तिकडं जाई, आणि दोनदा तर भूलभुलैयाच्या बाहेर निघून चहाच्या दुकानापर्यंत गेला. खरं भूत एकच. निळ्या पोत्यातला सेवालाल. तो मागं लागत नसे. माणूस पुढं कुठं निघणार हे ओळखून तो आधीच तिथं जाऊन उभा राही. त्या खेळात बाद होणाऱ्या दहांतले सात सेवालालच्या हातानं बाद होत.

तिसऱ्या दिवशी इंद्रभान शिरला. चपला दारात काढल्या. लांबच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पहिलं लिंबू आलं तेव्हा त्यानं इकडं-तिकडं बघितलं, वस्तीतलं कोणी गाडीवर नाही ना याची खात्री केली, आणि तोडलं. सेवालाल पळाला. भाबड्या लहान पोरासारखा इंद्रभान हसला. त्या दिवशी चौसष्ट झाले. पुढच्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. गाडीवरचे लोक आता चुकीचा रस्ता सांगेनासे झाले.

पण माणिकरावही बघत होता. त्यानंही लिंबाखाली थांबायला सुरुवात केली, त्यानंही दारापासचे चिंचोके मागं ठेवले. "इंद्रभान," तो म्हणाला, "तुह्यं पाहून पाहून मी शिकून राह्यलो. तू माहा मास्तर झाला." शेवटच्या बाजाराला दोन दिवस उरले असताना माणिकरावनं एकशेएक काढले.

त्या संध्याकाळी गर्दी पांगल्यावर इंद्रभान लालसिंगजवळ गेला. लालसिंग उद्यासाठी चिंचोके चुन्यात बुडवत होता.

"लालसिंग, मी एकशेपाच काढले, तं पाटीवर काय लिहशीन?"

"तुजं नाव, दादा. अजून काय?"

"तिचं ठेव ना. मी तिच्यासाठी खेळलो, असं समज. आकडा माहा, नाव तिचं."

लालसिंगनं हात पुसले. "नाई जमनार दादा. जो वेचते त्याचं नाव. उद्या कोनी आपल्या आजोबाचं नाव लिहाले सांगन, कोनी बैलाचं. ह्या पाटीवर खोटं नाई, म्हून तं लोक दहा पैसे देतात. मेलेल्या मानसाले मी कसा पळवू?"

इंद्रभान उठला. रागावला नाही, कारण लालसिंग खरं बोलत होता. घरी जाताना त्याला समजलं की आपण आठ दिवस उलटं काम केलं. माणिकराव जिंकला तर तिचं नाव पुसलं जाणार, आणि आपण जिंकलो तरी तिचंच नाव पुसलं जाणार. वर माणिकरावला शिकवलंही आपणच. जिंकून काही उपयोग नव्हता. माणिकराव हरला पाहिजे एवढंच पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी माणिकराव एका वळणावर सेवालालवर जाऊन आदळला. माणिकराव अठ्ठ्याण्णववर बाद झाला, पण त्याच्या कानपुरी बुटाची टाच सेवालालच्या पायावर पडली आणि पाय वांग्यासारखा सुजला. सेवालाल हळद लावून झाडाखाली पडला.

"आता काय करतो बावा," लालसिंग डोक्याला हात लावून बसला. "उद्या बाजार. तीन भुतांत काय खेळ होते? त्यातला एक बहिरा."

"मी होतो भूत," इंद्रभान म्हणाला.

लालसिंगनं त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमी तं मानत नाई ना दादा?"

"मानाची काय गरज? पोतंच घालाचं ना?"

"मजुरी दीड रुपया. अन् माणिकराव पाटलानं इमानदारीनं वेचले, तं आडवा नाई पडाचं."

"हात लावाचा, एवढंच ना? तेवढंच करीन."

निळं पोतं बघून त्याला बरं वाटलं. रंग तरी आपला होता.

बाजाराच्या दिवशी दुपारी चारला माणिकराव आला तेव्हा दोन्ही गाड्या माणसांनी भरलेल्या होत्या. इंद्रभान निळ्या पोत्यात आत उभा होता. टोप डोक्यावर घेतला आणि पहिली गोष्ट त्याच्या लक्षात आली ती ही, की भुताला काही दिसत नाही. भोकं इतकी बारीक, की समोरची चार तुराट्यांची टोकं तेवढी दिसत. टोपात सेवालालचा वर्षभराचा घाम आणि विडीचा वास कोंडलेला. दिसायचं ते सगळं कानानंच. तुराटीला हात लागला की खसखस, पाय पडला की धप. तेव्हा त्याला बांगड्यांचा अर्थ कळला. लिलाबाई या चार आंधळ्यांच्या मधून अनवाणी, आवाज न करता, कापूस वेचत गेल्यासारखी गेली होती. ती पळालीच नव्हती. हे तिनं सांगितलं असणार, आणि त्यानं हूं म्हटलं असणार.

माणिकराव आत शिरला. त्याचे बूट गल्लीतून करकरत गेले. इंद्रभानला तो कुठं आहे हे कळत होतं. तो त्याच्या मागं गेला नाही, दोन वळणं सोडून पुढं जाऊन उभा राहिला. माणिकराव तिथंच आला. पण त्याच्या हातापासून हातभर लांब लिंबू होतं. त्यानं ते तोडलं. बाहेर डफडं वाजलं.

मेहुणा पळाला, जाडा पळाला, काकासुद्धा कोणीतरी ढकलल्यावर पळाला. इंद्रभान पळाला नाही. त्याच्या मनात फसवायचं काही नव्हतं. लिंबू दाखवल्यावर पळायचं नाही, ही वीस वर्षांची सवय होती, आणि ती पोत्याच्या आतही तशीच होती. तो दोन पावलं पुढं गेला आणि माणिकरावच्या छातीवर हात ठेवला.

माणिकराव लिंबू हातात धरून बघत राहिला. "तू भूत हायेस का कोन हायेस बे?"

"भूत हावो."

"मंग पळत काहून नाई?"

"मानत नाई."

गाड्यांवर असा हशा झाला की एक बैल बुजला. माणिकराव लाल झाला. "लालसिंग! हे काय भूत ठेवलं का रे तू? ह्याले लिंबू लागू होत नाई!"

लालसिंग आत आला. त्यानं इंद्रभानचा टोप वर केला आणि हळू आवाजात सांगितलं, "दादा, पोतं काढल्यावर तुजं तू मान, नाईतं नको मानू. पोत्यात हायेस तवरक पळा लागते. खेळ हाये तो. अन् मी इमानदारीवर जगतो."

इंद्रभानला लाज वाटली. बेबीताईच्या अंगणातलं बोलणं त्याला आठवलं. भूत नसतं, पण सेवालाल असतो, आणि आता सेवालाल आपणच आहोत. "चुकलं माह्यं," तो म्हणाला. "परत खेळू द्या त्याईले. पळतो."

चिंचोके परत खोचले गेले. माणिकरावला नवा खेळ फुकट मिळाला. तो कबड्डीत उतरल्यासारखा मांड्यांवर थापा मारून आत शिरला.

या वेळी तो फार चांगला खेळला. गाडीवरचे लोक मोठ्यानं मोजत होते. चाळीस. साठ. त्यानं पहिलं लिंबू तोडलं तेव्हा इंद्रभान हात वर करून, "मेलो, मेलो" करत, गुडघे दुखत असताना जो पळाला, ते बघून बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. दुसऱ्या लिंबालाही पळाला. तिसऱ्यालाही. पंच्याऐंशी. नव्वद. इंद्रभान दोनदा माणिकरावच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि दोन्ही वेळा माणिकरावनं त्याचं निळं टोक वेळेवर बघून गल्ली बदलली. मागं धावायची परवानगी नव्हती, आणि असती तरी पाय नव्हते.

आता दारापासचे चिंचोके आणि एक लिंबू उरलं होतं. माणिकरावचे बूट थांबले. इंद्रभानला कळलं, की तो चौथ्या लिंबाखाली उभा राहून भुतं गोळा व्हायची वाट बघतो आहे. ही युक्ती इंद्रभानचीच, म्हणजे लिलाबाईचीच होती. मेहुणा तिकडं चालला होता, जाडाही चालला होता. इंद्रभान गेला नाही. रस्त्यावर तीस वर्षं काम केलेल्या माणसाला एक माहीत असतं. गाडीच्या मागं धावायचं नसतं, गाडी जिथून जाणारच आहे तिथं उभं राहायचं असतं. आणि माणिकराव दारापाशी येणारच होता.

पण दारापाशी आधी जाऊन उभं राहिलं, तर तो ते निळं पोतं बघून थांबणार. तेवढ्यात डफडं वाजलं. वीस ठोके. भुतांनी माणसापासून लांब पळायचं. किती लांब, कोणीकडं, याचा नियम नव्हता.

इंद्रभान पळाला. माणिकरावपासून लांब, सरळ दाराच्या दिशेनं, "मेलो, मेलो" करत. लोक हसले, माणिकरावही हसला, आणि निळं भूत भिऊन गेलं याची खात्री करून चिंचोक्यांकडं वळला. दाराजवळच्या आखूड गल्लीत इंद्रभान ताटीला पाठ लावून उभा राहिला. अठरा. एकोणीस. वीस. डफडं थांबलं. त्यानं श्वास रोखला.

करकर जवळ आली. माणिकराव दोन्ही हातांनी वेचत येत होता, नजर पुढच्या फटीवर. पऱ्हाटीवानी. "एकशेतीन!" गाडीवरून आवाज आला. "एकशेचार!"

इंद्रभाननं हात पुढं केला आणि तो माणिकरावच्या खांद्यावर पडला.

माणिकरावच्या आजोबानं असा हात लागल्यावर आंघोळ केली असती. आता त्याच हाताला सगळा बाजार टाळ्या वाजवत होता, आणि माणिकराव भिंतीतल्या चिंचोक्याकडं दोन बोटं लांबवून तसाच उभा होता. पुढच्या चिंचोक्याला त्याची नखं लागलेली होती.

लालसिंगनं पोतं अंथरून पिशवी उलटी केली. एकदा मोजलं, दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा माणिकरावनं स्वतः मोजलं. एकशेचार.

"बराबर झालं!" लोक ओरडले. "आता काय?"

"आता काय म्हनजे?" लालसिंग म्हणाला. "जास्त वेचले तं नाव बदलते. बराबरीत जुनं राह्यते. बराबरीसाठी कोन रंग खराब करते?"

माणिकरावनं तो अर्धा उपटलेला चिंचोका भिंतीतून काढला, तोंडात टाकला आणि दातांनी फोडला. मिशीचं त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानंही विषय काढला नाही. इंद्रभानजवळ येऊन तो म्हणाला, "पळता पळता पकडलं बे तू मले. असं भूत नाई पायलं." मग लालसिंगकडं वळला. "आता कुठी जाते रे तू?"

"शिरपूर जैनले. पंधरा दिवस."

"शिरपूरले एष्टी जाते," माणिकराव म्हणाला. "मी येतो तिथं. एकशेवीसचे एकशेवीस काढतो."

लालसिंगचा चेहरा उजळला. इंद्रभानचा पडला. तो टोप हातात घेऊन झाडाखाली सेवालालजवळ गेला आणि त्याचा पाय बघितला. "किती दिवस लागतीन?"

"महिना तं लागन दादा," सेवालाल म्हणाला.

सकाळी इंद्रभान मुकादमाकडं पंधरा दिवसांची रजा मागायला गेला. नोकरीत त्यानं एवढी रजा कधी मागितली नव्हती, लिलाबाई गेली तेव्हाही पाचच दिवस घेतली होती. मुकादमानं कागद पुढं ओढला. "कारन काय लिहू?"

"तब्बेत लिहा," इंद्रभान म्हणाला. "भूत लिहलं तं साहेब मंजूर करनार नाई."

दुपारी लालसिंगच्या गाड्या भरल्या. बेबीताई भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आली. भाकऱ्या गोल होत्या. तिनं निळं पोतं बघितलं, पाटी बघितली, मग इंद्रभानकडं बघितलं.

"लोक काय म्हनतीन भाऊ? बावन्न वर्साचा मानूस, पोतं घालून गावोगाव लिंबाले भिऊन पळते."

"म्हनू दे. भिऊन कुठी पळतो? दीड रुपयासाठी पळतो."

"अन् तिथं कोनी खरंच जास्त वेचले तं?"

इंद्रभाननं विचार केला. हूं म्हणाला नाही. "इमानदारीनं वेचले तं लिहीन लालसिंग त्याचं नाव. नाई म्हनता येत नाई. पन पयले माह्या हाताखालून जाय म्हना."

लालसिंगनं हाक मारली. पोतं काखोटीला मारून इंद्रभान गाडीत चढला, आणि त्याला जागा व्हावी म्हणून सेवालालनं आपला सुजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून जरा बाजूला घेतला.